शनिवारचा शाकाहारी

अण्णा शनिवारी मांसाला शिवत नाही, हे कळल्यापासून कोल्हापुरातल्या त्याच्या आईला धन्य धन्य झालंय. पोरगं अमेरिकेत जाऊनही मारुतीचा वार पाळतं, असं ती गल्लीभर सांगत असते. तिचा गैरसमज दूर करायची आमच्यापैकी कुणाची छाती नाही. मारुतीचा इथं काहीएक संबंध नाही. शनिवारी संध्याकाळी सहा ते रात्री अकरा अण्णा मुळात माणूसच नसतो. तो चार पायांचा, दोन हातांचा, घोड्याच्या अंगाचा आणि गवत खाणारा परग्रहवासी असतो. विश्वातल्या यच्चयावत मांसाहाऱ्यांचा निःपात करायचा, हे त्या वेळेपुरतं त्याचं जीवितकार्य. रविवारी दुपारी तो खिमा-पाव करतो. खिमा शुक्रवारीच आणून फ्रीझरमध्ये टाकलेला असतो.

रोलप्लेइंग खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात ठरावीक मंडळी असतात. एकाला नियमांचं पुस्तक तोंडपाठ असतं, एक पैन् पैचा हिशोब ठेवतो, एक निव्वळ खाण्यासाठी येतो. आणि एक असा असतो की त्याला पात्र मिळालं की ते त्याच्या अंगात येतं, आणि मग देव्हारा हलवल्याशिवाय ते उतरत नाही. हा माणूस साधं सोपं पात्र कधी घेत नाही. एरवी ऑफिसात 'चालतंय की' म्हणणारा हा गडी खेळात नेमका असा कुणीतरी होतो, ज्याला काहीच चालत नाही. अण्णा त्या जातीचा.

आम्ही राहतो ते ब्लूमिंग्टन-नॉर्मल हे इलिनॉयमधलं जोडशहर. चारी दिशांना सपाट जमीन, तिच्यावर उन्हाळ्यात मका नाहीतर सोयाबीन आणि हिवाळ्यात काहीही नाही. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्यालय इथं आहे, त्यामुळे संगणकाच्या नोकरीपायी आलेले तेलुगू, तमिळ आणि मराठी लोक मक्याच्या मधोमध घरं घेऊन राहिलेत. अण्णा विम्याच्या दाव्यांच्या प्रणालीवर काम करतो. सोमवार ते शुक्रवार कुणाची मोटार कुणी ठोकली याच्या नोंदी नीट वाहताहेत ना, एवढं पाहायचं.

आता योगायोग पाहा. आम्ही खेळतो तो 'ट्रॅव्हलर' नावाचा खेळ याच गावात जन्मला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला, त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७७ साली, नॉर्मलमधल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या छोट्या प्रकाशनसंस्थेनं एका डबीत तीन बारकी काळी पुस्तकं घालून ट्रॅव्हलर विकायला काढला. कर्ता मार्क मिलर. यात एक रेफरी गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात आणि दोन फासे टाकून कुणाचं काय झालं ते ठरवतात. पात्र जन्माला घालायची रीतही न्यारी. आधी त्याची सगळी नोकरी फाशांवर करून घ्यायची. आरमारात, लष्करात किंवा टेहळणीदलात चार-चार वर्षांच्या खेपा करायच्या आणि दर खेपेला जगला की मेला हे बघायचं. टेहळणीदलात सातच्या खाली पडलं की संपलं. मूळ नियमांप्रमाणे खेळ सुरू व्हायच्या आधीच पात्र मरू शकतं. आमच्यातल्या हिशोबनीसाची तीन पात्रं अशी नोकरीतच गेली. तेव्हापासून तो कंपनीच्या पेन्शनबद्दल जरा गंभीर झालाय.

आणि याच नॉर्मलमध्ये १९३४ साली 'स्टेक एन शेक' ही हॅम्बर्गरवाल्यांची साखळी सुरू झाली. म्हणजे ज्या मातीत गोमांसाचा चुरा तव्यावर दाबून विकायला सुरुवात झाली, त्याच मातीत पन्नास वर्षांनी कक्री उगवले. 'कक्री' हे ट्रॅव्हलरचं १९८४ सालचं पुस्तक अण्णाला जुन्या बाजारात मिळालं. आमच्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी 'बकरी' असा उच्चार केला. अण्णा त्याच्याशी तासभर बोलला नाही.

कक्री म्हणजे अण्णाचा तो शनिवारचा परग्रहवासी; कळपातून वर आलेली जमात. उघड्या गवताळ मैदानावर वाढलेली, त्यामुळे बंद खोलीत यांचा जीव घुसमटतो. एकटं राहणं त्यांना ठाऊकच नाही. त्यांच्या इतिहासात ग्नाक नावाचे मांसभक्षक शत्रू होते. कक्रींनी त्यांना असं पुसून टाकलं की नावापुरतेही उरले नाहीत. तिथं न थांबता मग ते ताऱ्यांकडे निघाले. त्यांच्या साम्राज्याचं नावच 'दोन हजार जगं', आणि त्याचा सर्वसत्ताधीश स्टेपलॉर्ड. त्या राज्यात मांसाहारी जमातीला जगायला जागा नाही. जे दोन्ही खातात त्यांनी मांस सोडायचं, मग बोलू.

सर्वसाधारण विज्ञानकथेत गवत खाणारा म्हणजे भेकड, हे ठरून गेलेलं. लॅरी निव्हनच्या कादंबऱ्यांतले पपेटिअर्स घ्या. कळपातले, बुद्धिमान आणि जगातले पहिल्या नंबरचे घाबरट. लढायला असतात ते मांजराच्या जातीचे झिंटी. ट्रॅव्हलरवाल्यांनी ही मांडणी उलटी केली, आणि मला विचाराल तर ती जास्त खरी केली. या खेळात जनावरांची वर्गवारीच ती कशी खातात यावरून होते. चरणारे, दबा धरून झेप घालणारे, पाठलाग करणारे, दुसऱ्याची शिकार हिसकावणारे. झेप घालणाऱ्यांतून सिंहासारखे अस्लान आले, पाठलाग करणाऱ्यांतून लांडग्यांचे वार्गर आले. चरणाऱ्यांतून आले कक्री.

अण्णाला हा मुद्दा पुस्तकातून शिकावा लागला नाही.

"गवत खाणारा गरीब असतो म्हणणाऱ्यानं दाजीपूरचा गवा बघितला न्हाई," तो म्हणतो. "वाघ पोट भरलं की झोपतो भावा. गव्याला पोटाचा प्रश्नच न्हाई. त्याला तू नको असतोस. बास."

१९५८ पासून अभयारण्य असलेल्या त्या दाजीपूर-राधानगरीच्या रानाजवळच अण्णाचं आजोळ. लहानपणी गवा शिवारात आला की गडीमाणसं बांधावरून उड्या टाकून घराकडं पळायची, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे कक्री हे त्याला परग्रहावरचं वाटतच नाही.

शनिवारी साडेपाचला त्याची बायको मुलीला घेऊन मैत्रिणीकडे जाते. "चार पायांचं जनावर घरात पाळायचं नाही, हे लग्नाच्या बोलाचालीतच ठरलं होतं," असं ती सांगते. सहाला आम्ही पोचतो. दार उघडंच असतं. जानेवारीत बाहेर पारा गोठणबिंदूच्या खाली पार पाताळात गेलेला असला, तरी दार उघडंच, कारण कक्रीला बंद खोली सोसत नाही. आम्ही जॅकेटं न काढता बसतो. गॅसचं बिल त्याचंच, त्यामुळे बोलायची सोय नाही. खुर्ची तो घेत नाही. कक्री बसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. हे पुस्तकात कुठं आहे असं तोंडपाठवाल्यानं एकदा विचारलं, तर अण्णानं त्याच्याकडं गव्यासारखं पाहिलं.

मग तो 'आम्ही' म्हणून बोलायला लागतो. कक्री एकटा फिरत नाही, म्हणून अण्णाच्या एका पात्राबरोबर अख्खा गोतावळा आला. दोन बायका, एक भाऊ, पोरं, नोकर, नोकरांचे नोकर. सगळ्यांची नावं, वयं, आजार यांचे कागद त्यानं फायलीत लावलेत. आणि बोलतोही सगळ्यांचं तोच. थोरलीचा आवाज घोगरा, धाकटीचा नाकातला, नोकराचा खाली मान घालून. जहाज आमचं दोनशे टनी, तेही चाळीस वर्षांच्या हप्त्यानं घेतलेलं (खेळातसुद्धा आम्ही कर्जातच आहोत). त्यातल्या खोल्या रेल्वेच्या डब्यासारख्या. कळप मावणार कुठं? शेवटी मालाचा सगळा कोठा त्यांना मोकळा करून दिला आणि छताला आकाश रंगवून घेतलं. मालाला जागा उरली नाही. हिशोबनीसानं त्या रात्री जेवण अर्धवट टाकलं.

खरं सांगायचं तर कळपाचं हे वेड अण्णाला पुस्तकानं लावलेलं नाही. वाड्यात एकवीस माणसांत वाढलेला गडी. इथं त्याला बटाटे आणायला कॉस्टकोत जायचं असेल तरी तो तीन घरी फोन करतो. "येताय काय?" दाढदुखीला डॉक्टरकडे जाताना मला बरोबर घेऊन गेला आणि रिसेप्शनवरच्या बाईनं मला विचारलं, तुमची अपॉइंटमेंट कितीची? मी म्हटलं, मी कळप आहे.

पण शाकाहाराचा बाणा कुठून आला? त्याचं उत्तर आम्हाला एका रात्री मिळालं. वाटाघाटी चालल्या होत्या. एका माणसांच्या वस्तीला कक्रींशी व्यापार करायचा होता. रेफरीनं त्यांचा प्रतिनिधी उभा केला. अण्णानं फाईल मिटली, दोन्ही हात पाठीमागे बांधले, हनुवटी उचलून हवेत हुंगलं आणि एकदम वेगळ्याच, थंड, सौजन्यपूर्ण आवाजात विचारलं, "तुमच्यात नॉनव्हेज?"

प्रतिनिधी म्हणाला, कधीमधी.

"तुमचं वैयक्तिक काही नाही हो. पण आमच्याकडे सगळी एका विचाराची मंडळी आहेत. जिन्यात वास येतो. कमिटीनं ठरवलंय."

आणि वस्ती भस्मसात केली.

मुंबईत नोकरीला लागल्यावर अण्णानं भाड्याची जागा शोधली होती. एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्याला अगदी याच शब्दांत, चहा पाजून, परत पाठवलं होतं. लग्न ठरलेलं, अनामत रक्कम खिशात, आणि आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदलला. पंधरा-सोळा वर्षं झाली. अण्णा तो प्रसंग तक्रारीच्या सुरात कधीच सांगत नाही. पण सेक्रेटरीचा तो हुंगण्याचा अभिनय, ती पाठीमागची बोटं, 'वैयक्तिक काही नाही हो' मधला तो 'हो', हे सगळं त्यानं जसंच्या तसं जपून ठेवलंय. कुणावर अन्याय झाला की तो न्याय मागतो, असं आपण धरून चालतो. काहीजण फक्त समोरच्याची खुर्ची मागतात. एकदा तरी तिथं बसून बघायचं असतं. अण्णा तर बसतही नाही, उभ्यानंच बघतो.

यात सगळ्यात अवघडतात त्या आमच्या वहिनी. सदाशिव पेठेतल्या, सात पिढ्या शाकाहारी. अंड्याचा केक असेल तर चमचा खाली ठेवतील, पण चार जणांत ब्र काढणार नाहीत. अण्णा मांसाहाऱ्यांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारतो तेव्हा सगळे वळून वहिनींकडे बघतात.

"माझ्याकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी कुणाचं गाव जाळलेलं नाही. फार तर आम्ही त्यांच्याकडे पाणी पीत नसू."

"तेच मोठ्या प्रमाणावर, वहिनी," अण्णा म्हणाला.

वहिनींचं पात्र हायव्हरचं. हायव्हर म्हणजे तारामाशासारखा सहा अवयवांचा, हिंसेला भिणारा जीव. लढत नाही, फक्त इकडची काडी तिकडं करतो, आणि शंभर वर्षांनी समोरच्या समाजाला वाटतं की आपण आपल्या मर्जीनं बदललो. हे पात्र वहिनींनी पुस्तक न वाचता निवडलं. त्यांच्या यजमानांची अशी ठाम समजूत आहे की निळी गाडी घ्यायची हा निर्णय त्यांचा होता.

आमचा रेफरी इथलाच, सोयाबीन पिकवणाऱ्या घरातला, निवृत्त मास्तर. त्यानं एकदा जुनी हकिगत सांगितली. हायव्हर आणि कक्री यांचं पूर्वी युद्ध झालं होतं. हायव्हर हरत आले, तेव्हा त्यांनी तोफा न वाढवता कक्रींना एवढंच पटवून दिलं की आम्ही गुपचूप तुमचा समाज असा वळवू शकतो की तुम्ही मांस खाऊ लागाल. कक्रींनी युद्ध थांबवलं. वहिनी शेंगा सोलत ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत.

इथं अण्णाचाच एक नियम सांगायला हवा. पेपरोनीचा पिझ्झा कुणीतरी आणला होता, तेव्हा त्यानं जाहीर केलं की टेबलावर जे येतं ते जहाजावर येतं. तोंड एकच आहे, माझं आणि कक्रीचं. रेफरीनं तो नियम मान्य करून वहीत लिहून घेतला. पिझ्झा बाहेर बर्फात गेला.

पुढं काही आठवड्यांनी वहिनी लवकर आल्या आणि अण्णाच्याच स्वयंपाकघरात शिरल्या. कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला कुठाय, एवढं विचारलं. आठला मोठं पातेलं बाहेर आलं. वर लिंबू, कोथिंबीर. वास असा की उघड्या दारातून शेजाऱ्याचा कुत्रा आत आला.

"हे काय वहिनी?" अण्णा एक पाऊल मागं सरला.

"सोया खिमा हो. तुमच्या कळपाला चालेल ना?"

कडधान्य म्हटल्यावर कक्रीला काय अडचण? अण्णानं उभ्याउभ्या चार पाव संपवले. थोरलीच्या आवाजात कौतुक केलं, धाकटीच्या आवाजात अजून मागितला. पाचव्या पावाला वहिनी हळूच म्हणाल्या, "मघाशी माझा चष्मा गाडीत राहिला होता बघा. मी आणलेलं पाकीट तुमच्या फ्रीझरमध्ये ठेवलं, तिथं अजून एक होतं. दोन्ही पांढऱ्या पिशव्या, आत करडा चुरा. मला बाई यातलं काय कळतंय? तुम्हीच सांगा अण्णा. तुमच्याइतकं कोण ओळखणार?"

टेबल गप्प झालं. रेफरीला कौल लावून पाहिला. तो एक चमचा खाऊन म्हणाला, "सोयाबीन आम्ही पिकवतो आणि डुकरांना घालतो. त्याची चव डुकरांना विचारा."

अण्णानं घास तोंडात घेतला. डोळे मिटले. जिभेनं तो इकडून तिकडं फिरवला, दाढेखाली धरला. सोया म्हणावं तर कक्री वाचतो, पण उद्या ते मटण निघालं तर कोल्हापूरचा माणूस खिमा ओळखू शकला नाही, ही बातमी अटलांटिक ओलांडून रंकाळ्यावर जायला किती वेळ? मटण म्हणावं तर आपल्याच नियमानं कक्री बाटतो. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मटण हाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"वहिनी, कोल्हापूरकराला इचारताय, नक्की?"

रेफरीनं वही उघडली, नियम वाचून दाखवला आणि फासे पुढं सरकवले. कळपाची समजूत काढायची असेल तर आठ हवेत. अण्णानं फासे फुंकून टाकले. दोन आणि तीन. आता कळपानं काय ठरवलं ते सांगणं भाग होतं, आणि कळप म्हणजे अण्णाच. आम्ही त्याला सवलत द्यायला तयार होतो. पण हा माणूस भूमिकेशी बेइमानी करणारा नव्हे. त्यानं हात पाठीमागे बांधले, हवेत हुंगलं, आणि थोरलीच्या घोगऱ्या आवाजात स्वतःच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाला, "तुमचं वैयक्तिक काही नाही हो."

मग उघड्या दारातून बाहेर जाऊन बर्फात मेला. तिथून ओरडून सांगितलंही, मेलो म्हणून.

तो परत आत आला तेव्हा वहिनींनी फ्रीझर उघडून त्याचं शुक्रवारचं पाकीट दाखवलं. टेपसुद्धा निघालेली नव्हती.

दहा मिनिटं अण्णानं न भूतो असा वाद घातला. सोया होता तर कक्री बाटलाच नाही, मेला कसा? रेफरी म्हणाला, कळपाला वाटलं, पुरे. मग अण्णा दुसऱ्या बाजूनं आला. दोष जिभेचा नव्हे, मसाल्याचा. आईचा मसाला पडला की दगडाचंबी मटण होतंय. हे बोलताना तो सहावा पाव पुसून खात होता, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसला होता.

नवा कक्री त्यानं त्याच रात्री काढला. मेलेल्याचा पुतण्या. पण जुना कळप अजून जहाजावरच आहे, आणि थोरली आता त्याची मालकीण. तिची भूमिका मी करते, असं वहिनींनी रेफरीला सांगितलं. त्यानं ताबडतोब हो म्हटलं. म्हणजे तो निर्णय रेफरीचाच. तेव्हापासून दर शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधी अण्णाचा पुतण्या मालाच्या कोठ्याच्या दाराशी उभा राहतो. वहिनी शेंगा बाजूला ठेवतात, चष्मा चढवतात, त्याची फाईल वरपासून खालपर्यंत वाचतात.

"शिफारसपत्र?"

"आणलंय."

"कळप किती जणांचा?"

"सध्या मी एकटाच हाय. घेतलं तर तुमचाच."

"आणि तुमच्यात... नॉनव्हेज?"

"न्हाई वहिनी. नुस्तं गवत. आईशप्पत."

"बघते. कमिटीत ठेवते," वहिनी म्हणतात.